परदेशी मदत संपल्यावर मागे काय उरते? पिंपरीची पेनिसिलीन आणि पश्चिम आफ्रिकेची लोकशाही



मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार असलेल्या मुलाने मोबाईल माझ्यापुढे धरला. बुर्किना फासोचे लष्करी प्रमुख इब्राहिम त्राओरे यांचा व्हिडिओ होता. खाली मराठीत लिहिले होते, "याने फ्रान्सला हाकलून दिले." मुलगा म्हणाला, "दादा, आपल्याला असाच माणूस पाहिजे. ही निवडणूक-बिवडणूक काही कामाची नाही." वर्गातल्या निम्म्या पोरांनी माना डोलावल्या. मी त्या दिवशी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला. म्हणून हा लेख.

त्या मुलाचे अर्धे म्हणणे खरे आहे, आणि ते आधी मान्य केले पाहिजे. मालीत ऑगस्ट 2020 मध्ये लष्कराने सत्ता घेतली. गिनीत 2021 मध्ये, बुर्किना फासोत 2022 मध्ये एकाच वर्षात दोनदा, आणि नायजरमध्ये जुलै 2023 मध्ये. बऱ्याच ठिकाणी लोक रस्त्यावर उतरले ते सैनिकांचे स्वागत करायला. साठ वर्षे या देशांत युरोपची मदत येत होती. शाळा, रस्ते, विहिरी, निवडणुकांसाठी मतपेट्या, लष्कराला प्रशिक्षण, सगळे येत होते. तरी लोकांना निवडून दिलेले सरकार आपले वाटले नाही. आता युरोपातले शहाणे लोक म्हणतात की पश्चिम आफ्रिकेतल्या लोकशाही देशांशी असलेल्या 'विकास सहकार्याचा' फेरविचार केला पाहिजे. करा ना. पण हा फेरविचार देणाऱ्यानेच करायचा का? घेणाऱ्या देशातला, त्यातही सगळ्यात खालच्या पायरीवर उभा असलेला माणूस या मदतीकडे कसा पाहतो, हे कोण विचारणार?

आपणही घेणारे होतो. आणि त्याचा पुरावा बघायला लांब जायची गरज नाही. पिंपरी चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी उभे राहा आणि जवळच असलेल्या एचए कंपनीकडे चालू लागा.

एचए म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. आपल्या पोरांना एचए कॉलनी माहीत आहे, मैदान माहीत आहे, शाळा माहीत आहे. ही कंपनी कुणाच्या मदतीने उभी राहिली हे मात्र दहातल्या नऊ जणांना सांगता येत नाही. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतात पेनिसिलीन तयार होत नव्हती. बाळंतरोग, न्यूमोनिया, साध्या जखमेत झालेला पू, यांनी माणसे मरत होती, आणि औषध बाहेरून विकत आणावे लागत होते. मोठ्या टाक्यांमध्ये बुरशी वाढवून पेनिसिलीन काढण्याचे तंत्र मुख्यतः अमेरिकी कंपन्यांच्या हातात होते. त्या कंपन्या माल विकायला तयार होत्या, विद्या द्यायला नव्हत्या. भारत सरकारने स्वीडनच्या एका कंपनीशी बोलणी केली, अमेरिकेच्या मर्क कंपनीशीही केली. खाजगी कंपनीकडून तंत्रज्ञान घ्यायचे म्हणजे रॉयल्टी आली, गुप्ततेच्या अटी आल्या.

मग तिसरी वाट निघाली. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. साहिबसिंग सोखी जागतिक आरोग्य संघटनेत मोठ्या पदावर गेले होते. गरीब देशांनी औषधे विकत घेत बसण्यापेक्षा स्वतः बनवावीत, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या प्रयत्नांतून युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्याशी करार झाला. युनिसेफने आठ लाख डॉलरच्या वर किमतीची यंत्रसामग्री दिली. तज्ज्ञ आणि प्रशिक्षण संयुक्त राष्ट्रांच्या तांत्रिक मदतीतून आले. 1954 मध्ये सरकारी मालकीची कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी उत्पादन सुरू झाले.

त्या मदतीला अटी होत्या का? होत्या. पण अटी कोणत्या, ते बघा. कारखाना सार्वजनिक मालकीचा राहील. इथले ज्ञान लपवून ठेवले जाणार नाही. दुसऱ्या देशांतल्या माणसांनाही इथे येऊन शिकता येईल. औषध गरिबांपर्यंत, आयाबायांपर्यंत आणि लेकरांपर्यंत पोचेल. म्हणजे देणाऱ्याने अट घातली ती घेणाऱ्याचे हात मजबूत करणारी. पिंपरीच्या प्रयोगशाळेत पुढे हॅमायसिन हे बुरशीवरचे औषध शोधले गेले, ते आपल्याच शास्त्रज्ञांनी. दुसऱ्याची यंत्रे घेऊन आपली विद्या उभी राहते, ती अशी.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ज्या 1954 मध्ये पिंपरीत ही कंपनी स्थापन झाली, त्याच वर्षी 25 डिसेंबरला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेला अजून जवळजवळ दोन वर्षे होती. मूर्ती रंगूनहून आलेली. तीही बाहेरून आलेलीच. पण तिच्याबरोबर कर्ज आले नाही, सल्लागार आला नाही, बंधन आले नाही. विहार उभे केले ते देहूरोडच्या कष्टकरी माणसांनी. पिंपरी आणि देहूरोड यांच्यात मोटारसायकलने अर्ध्या तासाचेही अंतर नाही. आपला औद्योगिक इतिहास सांगणारे पहिली गोष्ट सांगतात, आपण दुसरी सांगतो. दोन्ही एकत्र कुणी सांगत नाही.

बाबासाहेब परदेशी मदतीच्या विरोधात नव्हते, हेही लक्षात ठेवा. 1951 मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडताना त्यांनी जे निवेदन केले, त्यात हिंदू कोड बिल होते, मागासवर्गीयांच्या प्रश्नाकडे झालेले दुर्लक्ष होते, आणि परराष्ट्र धोरणही होते. त्यांची तक्रार अशी होती की देशाच्या साडेतीनशे कोटींच्या महसुलातले एकशे ऐंशी कोटी लष्करावर जातात, आणि गरजेच्या वेळी मदतीला येतील असे मित्र आपण जोडलेले नाहीत. म्हणजे त्यांचा प्रश्न 'मदत घ्यावी की नाही' हा नव्हता. कुणाकडून, कशासाठी आणि कुणाच्या फायद्यासाठी, हा होता.

आता एचएचे पुढे काय झाले? 1958 मध्ये स्ट्रेप्टोमायसिनसाठी शेवटी मर्क कंपनीशीच करार करावा लागला, म्हणजे खुल्या ज्ञानाची वाट आपण थोडी सोडलीच. तरी कंपनी चालली. सार्वजनिक उपक्रम असल्यामुळे राखीव जागा लागू झाल्या. आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी घरांत पहिला पक्का पगार, पहिला प्रॉव्हिडंट फंड, पहिले क्वार्टर हे अशा सरकारी कंपन्यांतून आले. त्या पगारावर मुले इंजिनिअर झाली, आणि आज तीच मुले 'सरकारी कंपन्या बंदच केल्या पाहिजेत' असे स्टेटस ठेवतात. असो.

1990 च्या दशकात एचए आजारी उद्योग ठरली. पगार महिनोन्महिने थकू लागले. डिसेंबर 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनीची जास्तीची जमीन विकून देणी भागवण्याचा आणि पुढे कंपनीच विकण्याचा निर्णय घेतला. ज्या देशात पिंपरीने पेनिसिलीन बनवली, तो देश पेनिसिलीन-जी या मूळ कच्च्या मालासाठी चीनवर अवलंबून राहिला. 2020 मध्ये सरकार जागे झाले आणि ते पुन्हा देशात बनावे म्हणून खाजगी कंपन्यांना प्रोत्साहन निधी देणारी योजना आणली. पिंपरीच्या टाक्या गंजल्या, त्यावर फार बोलायची कुणाला इच्छा नव्हती.

इथे आपण कुणाला दोष देणार? युनिसेफला? पॅरिसला? न्यूयॉर्कला? चांगल्यात चांगली मदत आली होती, चांगल्या अटींवर आली होती, आणि ती मातीमोल केली ती आपल्याच राज्यकर्त्यांनी. हा मुद्दा मनात ठेवून आता पश्चिम आफ्रिकेकडे जाऊ. कारण तिथली गोष्ट उलट्या बाजूने सुरू होते.

घाना 6 मार्च 1957 रोजी स्वतंत्र झाला. क्वामे एन्क्रुमा यांना देशात वीज आणि कारखाने हवे होते. व्होल्टा नदीवर अकोसोंबोचे धरण बांधायचे ठरले. घानात बॉक्साइट आहे. धरणाच्या विजेवर त्यापासून अॅल्युमिनियम बनवायचे आणि देश औद्योगिक करायचा, असे स्वप्न होते. पैसा जागतिक बँक, अमेरिका आणि ब्रिटनकडून आला. 1966 मध्ये धरणाचे उद्घाटन झाले. सुमारे 80 हजार माणसे विस्थापित झाली. आणि अॅल्युमिनियमचा कारखाना? तो अमेरिकी कंपन्यांच्या मालकीचा. त्याने दीर्घ मुदतीच्या करारात स्वस्त वीज पदरात पाडून घेतली आणि घानाचे बॉक्साइट न वापरता कच्चा माल बाहेरून आणला. गावे बुडाली घानाची, वीज घानाच्या नदीची, आणि खनिज जमिनीतच पडून. आपल्या मुळशीच्या माणसांना ही गोष्ट सांगा, ते अर्ध्यातच पुरी करतील. उद्घाटनानंतर सुमारे महिनाभराने एन्क्रुमांची सत्ता लष्कराने उलथवली.

पिंपरी आणि अकोसोंबो ही जवळजवळ एकाच पिढीतली कामे. एका ठिकाणी यंत्रांबरोबर विद्या आणि मालकी आली. दुसऱ्या ठिकाणी यंत्रे आली, विद्या करारात अडकली आणि कारखान्याची मालकी समुद्रापलीकडे राहिली. पिंपरी-चिंचवडमध्ये युरोपच्या खाजगी कंपन्याही आल्याच. दापोडीला सँडविक, चिंचवडला एसकेएफ, पिंपरीला केएसबी. त्या काही धर्मादाय करायला आल्या नव्हत्या. पण त्या काळात सरकार अटी घालू शकत होते. 1973 च्या फेरा कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांचा हिस्सा 40 टक्क्यांपर्यंत आणायला लावला. सुटे भाग इथेच बनवा, असा रेटा होता. त्यातून भोसरी-चिंचवडचे शेकडो छोटे वर्कशॉप उभे राहिले. मोठ्या बाजारपेठेचा देश असल्यामुळे भारताला हे जमले. टोगो किंवा बेनिन यांना कोण विचारतो?

1975 मध्ये टोगोच्या राजधानीत, लोमे इथे, युरोपीय आर्थिक समुदायाने आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या 46 देशांशी करार केला. ती कल्पना वाईट नव्हती. कच्च्या मालाचे भाव पडले तर भरपाईची सोय होती. युरोपच्या बाजारात बहुतेक माल जकातीशिवाय जाणार होता. पण माल कोणता? कोको, शेंगदाणे, कॉफी. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना पिकवतात, आणि चॉकलेटचे मोठे ब्रँड युरोपचे आहेत. लोमेनंतर 2000 चा कोटोनू करार आला, 2023 चा सामोआ करार आला. कागदावर लोकशाही, मानवी हक्क, सुशासन हे शब्द वाढत गेले. व्यापारात मात्र नवा आग्रह आला, की तुम्हीही तुमची दारे उघडा.

लोकशाहीचे खरे काय होते ते घानाच्या कोंबड्यांत दिसते. हसू नका. 2003 मध्ये घानाच्या संसदेने परदेशी कोंबडीवरची जकात 20 वरून 40 टक्के केली. युरोप आणि इतर ठिकाणांहून येणाऱ्या स्वस्त गोठवलेल्या तंगड्यांनी तिथल्या कोंबडीपालकांचे कंबरडे मोडले होते. लोकांनी निवडलेल्या संसदेने रीतसर कायदा केला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दबावापुढे तो थोड्याच काळात थंड्या बस्त्यात गेला. आता त्या कोंबडीपालकाला 'लोकशाही बळकट करा' असे शिबिर घेऊन शिकवायला कुणी गेले, तर तो काय म्हणेल? मतपेटीसाठी मदत द्यायची, आणि मतपेटीतून आलेला निर्णय मात्र टिकू द्यायचा नाही.

आता पैशाचा विषय. तो कोरडा वाटेल, पण आंबेडकरी माणसाने तो टाळू नये. फ्रान्सच्या जुन्या वसाहतींत 1945 पासून सीएफए फ्रँक हे चलन चालते. आज पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या 14 देशांत ते आहे. आधी ते फ्रेंच फ्रँकला बांधलेले होते, आता युरोला. देशांना आपल्या परकीय गंगाजळीचा मोठा हिस्सा फ्रान्सच्या तिजोरीत ठेवावा लागे. पश्चिम आफ्रिकेपुरती ही अट काढण्याची घोषणा डिसेंबर 2019 मध्ये झाली, पण युरोशी गाठ तशीच राहिली. 11 जानेवारी 1994 रोजी डाकारमध्ये या चलनाची किंमत एका झटक्यात निम्मी करण्यात आली. सकाळी उठलेल्या बाईला तांदूळ आणि औषध महाग झालेले दिसले. तिने ज्यांना मत दिले होते, त्यांच्या हातात पुरता निर्णय नव्हताच.

बाबासाहेबांचे 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' 1923 चे आहे. ते रिझर्व्ह बँकेचा पाया असल्याचे मेसेज आपण दर 14 एप्रिलला फिरवतो. पुस्तक उघडले किती जणांनी, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो, कारण मी ते चाळिशीत वाचले. त्यात बाबासाहेब सांगतात की लंडनच्या चलनाशी रुपयाचा दर स्थिर ठेवणे हे ध्येय असू शकत नाही. रुपयाने इथल्या बाजारात किती विकत घेता येते, ती क्रयशक्ती स्थिर राहिली पाहिजे. 1925 मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी चलनाचा दर खाली आणण्याने कुणाचा फायदा होतो तेही विचारले. भाव वाढतात तसे मजुराचे वेतन वाढत नाही, म्हणून व्यापाऱ्याचा नफा हा मजुराच्या ताटातून जातो, असा त्या मांडणीचा रोख आहे. डाकारच्या बाईची गोष्ट बाबासाहेबांनी जवळजवळ सत्तर वर्षे आधी वेगळ्या नावाने लिहून ठेवली होती. त्राओरेच्या व्हिडिओपेक्षा हे जास्त स्फोटक आहे, फक्त त्याला संगीत नाही.

आणि मदतीला जोडून येणारी पोलिसी? 2015 मध्ये युरोपीय संघाने माल्टातल्या व्हॅलेटा इथे आफ्रिकेसाठी आपत्कालीन निधी उभा केला. नाव विकासाचे, मोठी चिंता मात्र स्थलांतर रोखण्याची. त्याच वर्षी नायजरने कायदा केला. आगादेझ शहराच्या उत्तरेला स्थलांतरितांना गाडीतून नेणे गुन्हा ठरले. त्या शहरात कित्येकांचे पोट वाहतुकीवर होते. ड्रायव्हर तुरुंगात गेले, गाड्या जप्त झाल्या. 2023 मध्ये लष्कर सत्तेवर आले आणि काही महिन्यांत त्याने तो कायदा रद्द केला. लोक खूश झाले. लोकशाही सरकारने युरोपच्या सांगण्यावरून रोजी काढून घेतली आणि बंदूकवाल्याने ती परत दिली, असा धडा तिथल्या तरुणाला मिळाला. हा धडा युरोपनेच शिकवला.

इथपर्यंत चाकणचा तो मुलगा टाळ्या वाजवेल. आता त्याला न आवडणारे सांगतो.

पश्चिम आफ्रिकेतही जात आहे. सोनिंके, मांडिंगा, वोलोफ अशा समाजांत लोहार, चांभार, गाणारे यांची जन्माने ठरलेली स्थाने आहेत, लग्ने आपसांतच होतात. मालीच्या काय भागात आजही काही घराण्यांना 'गुलामाची अवलाद' म्हणून वागवले जाते. ती माणसे मान खाली घालायला नकार देतात, तेव्हा त्यांच्यावर बहिष्कार पडतो, मारहाण होते, जीवही जातात. तिथे गंबाना नावाची चळवळ आहे, आणि त्या नावात समतेचा अर्थ आहे. मॉरिटानियाने गुलामी 1981 मध्ये रद्द केली आणि तिला गुन्हा ठरवायला 2007 उजाडले. 2001 मध्ये डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत आपल्या कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न जगापुढे नेला तेव्हा भारत सरकार आडवे आले. पण पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने जन्मावर आधारलेल्या भेदभावाबद्दल शिफारस काढली, आणि तिच्यात जात आणि तत्सम व्यवस्था स्पष्ट शब्दांत आल्या. म्हणजे आपली आणि कायच्या त्या माणसांची लढाई एकाच कागदावर नोंदलेली आहे. 1946 मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉईस यांना पत्र लिहून तिथल्या कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या निवेदनाची चौकशी केली होती. डू बॉईस आयुष्याच्या अखेरीस घानात गेले आणि 1963 मध्ये अक्रा इथे वारले. हे धागे जुने आहेत.

मग विचारा, युरोपची मदत गावात येते तेव्हा ती कुणाच्या हातात पडते? गावप्रमुखाच्या. विहीर कुणाच्या वाड्याजवळ खणली जाते? आपल्याला हे शिकवायला युरोपियन तज्ज्ञ नको, आपल्याला महाड ठाऊक आहे. आणि लष्करी हुकूमशहा आला म्हणून ती विहीर सरकते का? पॅरिसचा झेंडा उतरवल्याने गावातला सोवळ्याचा खांब पडत नाही. मालीत लष्कराची सत्ता आली, गंबानाच्या माणसांचे हाल त्यामुळे संपले नाहीत.

मदतीचे हक्कात रूपांतर कसे होते, याचे आपल्याकडे जगाला दाखवण्यासारखे उदाहरण आहे. 1972 च्या दुष्काळाची आठवण आपल्या आजी-आजोबांना विचारा. अमेरिकेतून आलेला मिलो, खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी. पोटाला होती, पण ओशाळवाणी. त्याच दुष्काळाने मराठवाड्यातली, सोलापूर-नगरकडची कितीतरी दलित कुटुंबे पिंपरी-चिंचवडच्या झोपडपट्ट्यांत आणून टाकली. पण महाराष्ट्र सुकडीवर थांबला नाही. दुष्काळी कामांतून रोजगार हमी योजना आली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम हा हक्क झाला. आणि पैसा कुठून आला? 1975 चा व्यवसाय कर त्यासाठीच आणला गेला. तो शहरातल्या पगारदाराकडून कापला जात होता आणि सरकार आपली भर घालत होते. म्हणजे पिंपरीच्या कंपनीतल्या कामगाराच्या पगारातून गावाकडच्या भूमिहीनाला काम मिळाले. या विकास सहकार्यात ना युरो होता, ना सल्लागार. त्यात भ्रष्टाचार झाला, खोटी हजेरीपत्रके भरली गेली, सगळे मान्य. पण तहसीलदारापुढे उभी राहून "काम दे, नाहीतर भत्ता दे" असे म्हणणारी बाई त्या कायद्याने उभी केली. सुकडी घेणारी बाई असे म्हणू शकत नव्हती.

युरोपचे सहकार्य आजही आपल्या डोक्यावरून जाते, अक्षरशः. पिंपरीहून पुण्याला जाणाऱ्या मेट्रोसाठी युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेचे 60 कोटी युरोचे आणि फ्रान्सच्या विकास संस्थेचे साडेचोवीस कोटी युरोचे कर्ज ठरले. मार्च 2022 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी टप्पा सुरू झाला. मी मेट्रोने जातो, चांगली आहे, उगाच नावे ठेवणार नाही. पण हे कर्ज आहे, देणगी नव्हे, आणि आकडा युरोत आहे. रुपया घसरला तर ओझे कुणावर, हा प्रश्न 1923 चाच आहे. स्टेशनवर फरशी पुसणारी मावशी कायम आहे की कंत्राटी, तिचा ठेकेदार कोण, तिला किमान वेतन मिळते का, हे कर्ज देणाऱ्या बँकेच्या अहवालात शोधून बघा. युरोपला फेरविचार करायचाच असेल तर अकोसोंबो, आगादेझ आणि हा फरशीचा फडका, तिन्ही एकत्र ठेवून करावा. आणि 1950 च्या दशकातली पिंपरीची कागदपत्रे काढून बघावीत. ज्ञान उघडे ठेवा, मालकी जनतेची ठेवा, ही अट घालायला तेव्हा जमले होते.

राहिला त्राओरे. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात रक्तरंजित क्रांतीची वाट सोडा असे सांगितले, एका माणसाच्या पायावर स्वातंत्र्य वाहू नका असे सांगितले, आणि त्याच भाषणात सामाजिक लोकशाहीशिवाय राजकीय लोकशाही टिकणार नाही असेही सांगितले. आपण पहिले दोन इशारे सोयीने विसरतो, आणि वरचे लोक तिसरा. बुर्किना फासोत आज सरकारविरुद्ध बोलणारे पत्रकार आणि कार्यकर्ते उचलून आघाडीवर पाठवले जातात. आपल्या ब्लॉगवर लिहिणाऱ्या किती जणांना ते परवडेल?

व्हिडिओ बघायचाच असेल तर सेनेगलचा बघा. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष माकी साल यांनी निवडणूक पुढे ढकलली. तरुण रस्त्यावर आले. घटना परिषदेने ती ढकलाढकल बेकायदा ठरवली. 24 मार्चला मतदान झाले, आणि दहाच दिवस आधी तुरुंगातून सुटलेले बासिरू जोमाय फाये पहिल्याच फेरीत निवडून आले. फ्रान्सचे सैनिक देशात नकोत, ही भूमिका त्यांनी मतांच्या जोरावर घेतली, आणि 2025 मध्ये फ्रान्सने तिथले तळ रिकामे केले. बंदूक लागली नाही.

परवा तो मुलगा पुन्हा भेटला. हे सगळे मी त्याला चहाच्या टपरीवर सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने मोबाईलवर आपली पगाराची पावती उघडली आणि व्यवसाय कराच्या रकान्यातल्या 200 रुपयांवर बोट ठेवले. "दादा, मग हे आता कुठे जातात?" माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही तिथेच, टपरीच्या बाकड्यावर लिहायला घेतला.